शंभर दिवसांच्या काचबिंदूची कुळकथा

डोळ्याच्या पडद्याची मुख्य शीर बंद पडलेला रोगी पहिल्या दिवशी येतो, तेव्हा त्याला काही दुखत नसतं. सकाळी उठल्यापासून एका डोळ्याने अंधूक दिसतंय, एवढीच तक्रार. आत पाहावं तर दृष्टिचेतेपासून पडद्याच्या कडेपर्यंत रक्ताचे फराटे उमटलेले आणि नीला फुगून नागमोडी झालेल्या. यातल्या काहींचा तोच डोळा दोन-तीन महिन्यांनी लालबुंद होतो, ठणकतो, अर्धं डोकं फुटेलसं वाटतं, उलट्या होतात. आतला दाब एरवी 10 ते 21 मिलिमीटर (पारा) असायचा, तो 40-50 च्या घरात गेलेला असतो. याला नेत्रवैद्य पूर्वापार ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ म्हणत आले.

शीर बंद पडणं आणि काचबिंदू यांची ही सोयरीक उलगडायला शतकभराहून अधिक काळ लागला. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याचं आतलं दर्शन घडवणारं उपकरण जगापुढे मांडलं. त्याआधी जिवंत माणसाचा पडदा कुणी नीट पाहिलाच नव्हता. पुढच्या काही वर्षांत जर्मन नेत्रवैद्यांनी पडद्यातल्या या रक्तस्रावाची वर्णनं केली, पण रक्त का फुटतं याचा उलगडा होत नव्हता. तो 1878 मध्ये यूलियस फॉन मिखेल यांनी केला: दृष्टिचेतेतल्या मुख्य नीलेत रक्ताची गुठळी अडकते, आलेलं रक्त परत जाऊ शकत नाही आणि मागे तुंबून बाहेर झिरपतं.

गुठळी नेमकी तिथेच का होते? डोळ्याच्या मागच्या भिंतीत दृष्टिचेता बाहेर पडते तिथे तंतूंची एक बारीक चाळणी असते. त्या चिंचोळ्या वाटेत रोहिणी आणि नीला अगदी खेटून, एकाच वेष्टनात जातात. रक्तदाबाने रोहिणी कडक झाली की पातळ भिंतीची नीला चेपली जाते. शिवाय काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढलेला असतो. तो नीलेवर आतून दाब देतो आणि चाळणीलाही मागे ढकलतो. बॉस्टनच्या फ्रेडरिक व्हरहॉफ यांनी 1913 मध्ये काचबिंदू झालेल्या डोळ्यांच्या छेदांतून मांडलं की, या दाबाने नीलेच्या भिंती एकमेकींना टेकतात, तिथलं आतलं अस्तर वाढतं आणि वाट अरुंद होत जाते. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. आधी काचबिंदू, मग बंद शीर, ही दिशा त्यातून दिसली. पुढे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी तुलनात्मक अभ्यासातही मुख्य नीला बंद पडलेल्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या बरोबरीने काचबिंदूचं प्रमाण जास्त आढळलं.

उलट दिशेचा, म्हणजे आधी बंद शीर आणि मग काचबिंदू, हा धागा जॉर्ज कोट्स यांनी 1906 मध्येच पकडला होता. बाहुलीभोवतीच्या रंगीत परितारिकेवर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवल्याचं त्यांना दिसलं. त्या बाहुलीच्या काठापासून आतल्या पाण्याच्या निचऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत पसरतात, त्यांच्यासोबत आलेला पापुद्रा तो कोपरा आवळतो, पाणी तुंबतं आणि दाब भडकतो. पण शीर मागे पडद्यात बंद, तर वाहिन्या पुढे का उगवाव्यात? 1948 मध्ये आयझॅक मायकेलसन यांनी तर्क केला की प्राणवायूला आसुसलेला पडदा पसरणारं काहीतरी द्रव्य सोडत असावा. ते द्रव्य ‘व्हीईजीएफ’ या नावाने पुढे ओळखलं गेलं, आणि 1994 मध्ये शीर बंद पडलेल्यांच्या डोळ्यातल्या पाण्यात ते वाढलेलं सापडलं. आजची डोळ्यात द्यायची इंजेक्शनं त्यालाच अडवतात.

मात्र शीर बंद पडलेल्या प्रत्येकाला हा काचबिंदू होत नाही. पंजाबात जन्मलेले सोहन सिंग हयरे यांनी आधी लंडनमध्ये माकडांवर प्रयोग करून आणि पुढे आयोवात वर्षानुवर्षं रोगी तपासून दाखवलं की मुख्य नीला बंद पडण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. पडद्याचा रक्तपुरवठा खरोखर तुटतो त्या प्रकारातच धोका मोठा. सुदैवाने बहुसंख्य रोगी दुसऱ्या प्रकारातले असतात. तरी कोण कोणत्या प्रकारातून कुठे सरकेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून पहिले काही महिने वारंवार बोलावलंच पाहिजे.

आणि या भेटींत क्रम पाळायचा असतो. बाहुली मोठी करण्याचे थेंब घालायच्या आधी तिचा काठ भिंगाखाली निरखायचा, कारण नव्या वाहिन्या आधी तिथेच उगवतात आणि बाहुली पसरली की त्या दिसेनाशा होतात. दाब दोन्ही डोळ्यांचा मोजायचा. शीर बंद पडलेल्या डोळ्याचा दाब सुरुवातीला बऱ्याचदा उतरलेला असतो, त्यामुळे त्याच डोळ्यातला जुना काचबिंदू त्या आकड्यात लपून जातो. त्याचा माग अनेकदा चांगल्या डोळ्यातच लागतो.