🧵 खेळपट्टीवर रूळ फिरवणारा महान गोलंदाज : बाळू पालवणकर

१/
भंडारा जिल्ह्यात हलके धान कापले की एक-दोन बांध्या मोकळ्या होतात आणि गावातली मुले तिथे क्रिकेटची तयारी सुरू करतात. कोणी धसकटे उपटतो, कोणी ढेकळे फोडतो, कोणी पाणी शिंपडतो. याच सुमारास नागपुरात विदर्भाचा रणजी संघ नव्या हंगामाला लागतो. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन अजिंक्यपदे मिळवलेला हा संघ आता कोणाला नवखा वाटत नाही. हंगामाच्या तोंडावर थोर खेळाडूंची आठवण काढण्याची रीत आहे. हा धागा अशा एका खेळाडूविषयी आहे, ज्याची क्रिकेटमधली पहिली नोकरी खेळपट्टी झाडण्याची आणि तिच्यावर रूळ फिरवण्याची होती. त्याच्या कथेचा शेवटचा दुवा भंडाऱ्याशी जुळतो.

२/
आधी थोडे दूर जाऊ. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो. दरवर्षी १५ एप्रिलला तिथल्या प्रमुख लीगमधला प्रत्येक खेळाडू पाठीवर ४२ हा एकच क्रमांक लावून मैदानात उतरतो. हा जॅकी रॉबिन्सनचा क्रमांक. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून तो खेळला आणि आधुनिक काळात प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीयांना असलेली अलिखित बंदी मोडली. १९९७ मध्ये हा क्रमांक सर्व संघांतून कायमचा निवृत्त करण्यात आला. हंगामाच्या आरंभीच खेळ स्वतःच्या अन्यायाची उजळणी करतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३/
रॉबिन्सनच्या सुमारे ५० वर्षे आधी पुण्यात असाच एक प्रश्न उभा राहिला होता. बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातले, वडील लष्करात नोकरीला. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चौघे भाऊ पुढे उत्तम क्रिकेटपटू झाले. पुण्यात लष्कराची छावणी होती आणि छावणी तिथे क्रिकेट. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर अशा अनेक मुलांचा खेळ सुरू झाला.

४/
बाळूंना पहिले काम मिळाले ते पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये मैदानाची निगा राखण्याचे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. खेळपट्टी तयार करणे, जाळी उभारणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे हे त्यांचे काम. डावखुऱ्या फिरकीवर त्यांची हुकमत इथेच बसली. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास सराव करून घेई. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे तो त्यांना देई, असे सांगितले जाते. मात्र एकाही साहेबाने बाळूंच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी मालकांनी करायची, गोलंदाजीचे कष्ट नोकराने उपसायचे, अशी ती वाटणी होती.

५/
पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. शहरातला सर्वोत्तम गोलंदाज रोज गोऱ्यांच्याच मैदानावर रूळ फिरवत होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर सभासदांत तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल होते, मराठी ब्राह्मण सभासद कचरत होते. बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत खुद्द ग्रेगने जाहीरपणे मांडले. अखेर बाळू संघात आले. जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीहून थोडी वरचढ ठरली होती.

६/
पण हा प्रवेश सीमारेषेच्या आतपुरताच होता. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहापानाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. तोंड धुवायचे झाल्यास मैदानाच्या कोपऱ्यात अस्पृश्य समाजातलाच नोकर त्यांना पाणी देई. चेंडू विटाळत नव्हता, पेला मात्र विटाळत होता.

७/
या विसंगतीवर तेव्हाही बोट ठेवले गेले. बाळूंच्या पराक्रमामुळे हिंदू संघ जिंकू लागला, तशी पुण्याच्या सार्वजनिक जीवनात त्याची चर्चा होऊ लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना विचारले की, बाळूंसोबत खेळता येते, तर त्यांच्यासोबत खाणेपिणे का होऊ नये? याच रानड्यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला आणि एका समारंभात लोकमान्य टिळकांनीही त्यांची प्रशंसा केली. खेळातला विजय सुधारणेच्या बाजूचा युक्तिवाद बनत होता.

८/
पुढे पुण्यात प्लेग आला आणि पालवणकर बंधू मुंबईला गेले. तिथे बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि रेल्वेतही त्यांना नोकरी मिळाली. मुंबईतले क्रिकेट धर्मवार विभागलेले होते : युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुस्लिम. त्यामुळे प्रश्न अधिकच टोकदार झाला. संघाचे नावच ‘हिंदू’. मग त्या संघासाठी गडी बाद करणारा माणूस हिंदू आहे की नाही? असेल, तर त्याचा पेला वेगळा का?

९/
फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचा पहिला डाव २४२, युरोपियनांचा १९१. दुसऱ्या डावात हिंदूंनी १६० केल्या आणि युरोपियनांना १०२ धावांत गुंडाळले. विजय १०९ धावांचा. या संघात बाळू आणि शिवराम असे दोन पालवणकर होते. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना राज्यकर्त्यांवर मिळालेला हा विजय देशभर गाजला. मुंबईच्या सुधारकी वृत्तपत्रांनी त्यातला दुसरा अर्थही टिपला : जातीची भिंत थोडी खाली आणल्यावरच हा विजय शक्य झाला होता.

१०/
१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. आजच्या गोलंदाजांचे आकडे सहज चाळणाऱ्या वाचकांनी आणखी एक आकडा पाहावा : प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नसण्याचे कारण एवढेच.

११/
या काळात महाराष्ट्रातल्या अस्पृश्य समाजाला आपला म्हणता येईल असा, सर्वदूर नाव झालेला माणूस म्हणजे बाळू. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता आणि बाळूंच्या गौरवाच्या कार्यक्रमांत ते सहभागी होत. पुढे जे घडले ते समजून घेताना ही सुरुवात ध्यानात ठेवली पाहिजे.

१२/
एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता, हे पै यांनी स्वतःच बोलून दाखवले. गोलंदाजी करणारा हात चालत होता. ब्राह्मण खेळाडूंना क्षेत्ररक्षणात इकडे जा, तिकडे जा असे सांगणारा हात मात्र अजून चालत नव्हता. नोकरीत, शिक्षणात आणि राजकारणात हीच पायरी सर्वांत उशिरा ओलांडली जाते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

१३/
१९२० मध्ये कोंडी फुटली. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला. विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून माघार घेतली आणि जातीमुळे अन्याय होत असल्याचे वृत्तपत्रातून जाहीर केले. देशात अस्पृश्यतानिवारणाची भाषा बोलली जात होती, त्यामुळे निवड समितीला लोकमताकडे पाठ फिरवणे जड गेले. तडजोड झाली, भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले.

१४/
१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांविरुद्धचा अंतिम सामना जिंकून दाखवला. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळायला दहा वर्षे गेली. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास अभ्यासू पाहणाऱ्यांनी ते अवश्य शोधावे.

१५/
बाळूंची गोष्ट इथे थांबवली तर ती सुखान्त वाटेल. पण १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू गांधीजींच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. निकाल : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. ज्यांचा गौरव केला, त्यांनाच हरवण्याची वेळ आंबेडकरांवर आली.

१६/
या निवडणुकीवरून बाळूंना ‘फितूर’ ठरवणे सोपे आहे, आणि ती उमेदवारी वगळून त्यांचे गुणगान करणे त्याहून सोपे. दोन्ही टाळले पाहिजे. बाळूंच्या आयुष्याचा अनुभव असा होता की, भिंतीच्या आत शिरून, कर्तृत्व दाखवून, सवर्णांतल्या भल्या माणसांच्या मदतीने दार किलकिले होते. आंबेडकरांचा निष्कर्ष असा होता की, दार उघडणे दुसऱ्याच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क नव्हे, मेहेरबानी. बाळूंचा अनुभव खोटा नव्हता. पण त्यांना कधीच न मिळालेले कर्णधारपद आंबेडकरांच्या म्हणण्याचाच पुरावा आहे. १९२० साली भावांना न्याय मिळाला तोही पराक्रमाने नव्हे, संघटित नकाराने.

१७/
आता भंडारा. १९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेला पराभूत झालेले डॉ. आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे राहिले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याचाच भाग होता. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

१८/
आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. आंबेडकरांनी ते नाकारले. ज्याने राज्यघटना घडवली, तो मत वाया घालवा असे सांगू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. निकालात अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि आंबेडकर हरले.

१९/
१९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या उमेदवाराला हरवणारा नेता १९५४ मध्ये भंडाऱ्यात काँग्रेसच्याच उमेदवाराकडून हरला. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेचा निकालही बहुसंख्याकांच्या मतांवर ठरतो, ही आंबेडकरांची जुनी तक्रार होती. १९३२ साली मुद्दा हाच होता आणि पुणे करारात तडजोड झाली ती याच मुद्द्यावर. ज्या कागदावर बाळूंची सही होती, त्याचा परिणाम वैनगंगेच्या काठावर असा दिसला.

२०/
४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत निवर्तले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘हिंदू’ नावाच्या संघात आपली जागा कुठे, हा प्रश्न एकाने आयुष्यभर चेंडूने विचारला. दुसऱ्याने अखेर तो संघच सोडला.

२१/
बाळूंना ‘भारताचे जॅकी रॉबिन्सन’ म्हणण्याची पद्धत आहे. कालक्रमाने पाहता रॉबिन्सन हे अमेरिकेचे बाळू ठरतील. पण तुलनेचा खरा उपयोग वेगळा आहे. बेसबॉल आपल्या थोर खेळाडूची आठवण काढतो तेव्हा त्याला बाहेर ठेवणाऱ्या नियमाचीही आठवण काढतो. आपल्या क्रिकेटमध्ये हंगामाच्या आरंभी सर्वांनी पाळावा असा एकही दिवस बाळूंच्या नावाने नाही.

२२/
त्यासाठी कोणत्या मंडळाच्या ठरावाची वाट पाहायला हवी असे नाही. यंदा बांधीत खेळपट्टी तयार होईल, तेव्हा रूळ कोण ओढतो, बॅट कोणाच्या हाती जाते, कर्णधार कोण ठरवतो आणि सामन्यानंतर पाण्याचा एकच पेला सगळ्यांत फिरतो का, एवढे पाहिले तरी पुरे. बाळू पालवणकरांची आठवण काढण्याची ती सर्वांत नेमकी रीत ठरेल.

(धागा समाप्त)