मिरजेची वैद्यकशाळा

लहान गावच्या इस्पितळास डॉक्टर मिळत नाही, ही तक्रार आपण इस्लामपूरकर नेहमी ऐकतो आणि ती आजकालचीच आहे असे समजतो. वस्तुतः सांगलीपलीकडच्या मिरजेत हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ साली या देशात आले आणि १८९४ साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उघडले. त्यांच्या शस्त्रक्रियेचा लौकिक पसरला, तसे दूरदूरचे रोगी येऊ लागले. हात मात्र दोनच! मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन निघालेला तरुण मिरजेकडे कशास वळेल? तेव्हा वानलेस यांनी १८९७ साली इस्पितळाच्या आश्रयानेच वैद्यकशाळा काढली. माणसे मिळत नाहीत, तर ती येथेच घडवावी, असा हा सरळ व्यवहार होता. धर्मप्रचाराचा हेतू मिशनने कधी लपविला नाही. परंतु तेवढ्यासाठी या कामाचे मोल कमी धरणे आम्हांस रास्त वाटत नाही.

अशा शाळांतून निघणारे डॉक्टर पदवीधर नव्हेत, लायसेन्शिएट. १९१२ साली मुंबईस कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघाल्यावर एल्‌.सी.पी.एस्‌. ही अक्षरे तालुक्याच्या गावांतल्या पाट्यांवर दिसू लागली. भोर समितीने १९४६ साली दिलेल्या अहवालात देशातील डॉक्टरांची मोजदाद आहे: पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे भार कोण वाहत होते ते उघड आहे. तरीही समितीने शिफारस केली ती एकाच दर्जाच्या पदवीधर डॉक्टराची. काही सभासदांनी विरुद्ध मत नोंदविले, पण ते मागे पडले. पुण्याची बै. जे. शाळा त्याच वर्षी कॉलेज झाली.

समितीचा हेतू वाईट नव्हता. खेड्यातल्या माणसाने कमी शिकलेल्या डॉक्टरावर का भागवावे, हा तिचा प्रश्न न्याय्यच होता. पण दुय्यम दर्जाचे दार बंद करताना उत्तम दर्जाचा माणूस त्या गावी कोणत्या वाटेने पोहोचणार, याची तजवीज पुरी पडली नाही. आता बंधपत्र लिहून घेऊन त्याला वर्षभर ग्रामीण सेवेत ठेवावे लागते, आणि त्याचे लक्ष पुढील पदव्युत्तर परीक्षेकडे असते. त्याला तरी दोष कसा द्यावा?

मिरजेस १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. २०१६ साली खुद्द इस्लामपुरात खासगी महाविद्यालय निघाले. शिकण्याची सोय दाराशी आली. प्रवेश मात्र देशभराच्या एकाच परीक्षेतून होतो, तेव्हा येथे शिकणारा वाळवे तालुक्यातलाच असेल असे नाही, आणि शिकून येथेच राहील असे तर मुळीच नाही. मिरजेच्या त्या जुन्या शाळेतले विद्यार्थी ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते वानलेस १९२८ साली निवृत्त होईपर्यंत मिरजेतच होते.