‘ऑपेरा’ नावाचे नाटक

सन १७८७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची राज्यघटना ठरविणारी परिषद फिलाडेल्फिया शहरी बंद दारांआड बसली होती. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर लहानमोठी राज्ये हट्टाला पेटली होती. १० जुलै रोजी परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अलेक्झांडर हॅमिल्टनला कळविले की, यातून काही चांगले निष्पन्न होईल ही आशा आपण जवळजवळ सोडली असून या कामात पडल्याचा आपणांस पश्चात्ताप होत आहे. त्याच संध्याकाळी ते नाटकाला गेले.

वास्तविक पेनसिल्व्हेनियात १७७९ च्या कायद्याने नाटकास बंदी होती. त्या प्रांतात क्वेकर पंथीयांचे वजन मोठे, आणि नाटक म्हणजे नीतीचा नाश, हे त्यांचे ठाम मत. साउथवर्कचे नाट्यगृह १७६६ साली शहराच्या हद्दीला खेटून, पण हद्दीबाहेर उभारले गेले ते याच विरोधामुळे. खाली विटा, वर लाकूड, आत तेलाचे दिवे. आणि माड्या पेलणारे चौकोनी खांब इतके जाड की, कित्येकांना रंगमंच धड दिसतही नसे! पुढे बंदी प्रांतभर लागू झाली, तेव्हा हद्दीबाहेर असण्याचाही उपयोग उरला नाही. मग हॅलम व हेन्री यांच्या नाटकमंडळीने त्या वास्तूला ‘ऑपेरा हाउस’ म्हणवून घेतले, आणि नाटकांना जलशाचे व नीतिपाठाचे कपडे चढविले. शेक्सपिअरचा हॅम्लेटसुद्धा पितृभक्तीचा बोधपर दाखला म्हणून जाहीर झाला.

१० जुलैच्या जाहिरातीत चाकरांच्या दालनातील गोंधळाचा एक ‘ऑपेरा’ होता. तो प्रत्यक्षात जेम्स टाउन्लीचा १७५९ सालचा फार्स. चाकरांची लबाडी पकडण्यासाठी धनी स्वतः खेडवळ पोऱ्याचे सोंग घेतो आणि मालकांच्या पदव्या मिरविणाऱ्या नोकरांची मेजवानी पाहतो. सोंगाची ही कथाच सोंग घेऊन रंगमंचावर आली! तिच्या जोडीला ओकीफचे ‘लव्ह इन अ कॅम्प’ हे विल्यम शील्डच्या संगीताचे खरेखुरे विनोदी ऑपेरा होते. एका रात्री दोन खेळ जोडण्याची ही रीत आपल्या जुन्या रंगभूमीलाही परकी नव्हती.

वॉशिंग्टन यांना यात काही वावगे वाटले नसावे. १७७८ साली व्हॅली फोर्जच्या छावणीत त्यांच्या अधिकाऱ्यांनी अ‍ॅडिसनचे ‘केटो’ केले होते. त्याच वर्षी पुढे काँग्रेसने नाटकांविरुद्ध ठराव केला. १४ आणि २१ जुलैला ते पुन्हा साउथवर्कला गेले. मधल्या १६ तारखेला परिषदेतील तिढा तडजोडीने सुटला होता. नाटकबंदी मात्र १७८९ पर्यंत टिकली. जाहिराती काहीही म्हणोत, १० जुलैच्या रोजनिशीत परिषद, जेवण व चहा यांच्या नोंदींनंतर वॉशिंग्टन यांनी सरळ ‘नाटक’ असेच लिहिले आहे.