न परतलेल्याचे घरी येणे

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये कालवश झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. जपानी आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनला साहाय्य करण्यासाठी १९३८ साली राष्ट्रसभेने पाठविलेल्या पाच डॉक्टरांपैकी चौघे स्वदेशी आले. हे मात्र जखमींची शुश्रूषा करता करता तेथेच झिजले. मागे चिनी पत्नी छिंगलान व काही महिन्यांचे मूल राहिले. इकडील आप्तांच्या वाट्याला अंत्यदर्शनही आले नाही.

या शोकाला दोन कलाकृतींनी वाचा दिली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९४४ च्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच एक जण परतला नाही, ही वार्ता आहे. पुस्तकाने रिकामी जागा रिकामीच ठेवली. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा १९४६ चा बोलपट त्याच पुस्तकावरून निघाला. परंतु त्याच्या अखेरीस विधवा पत्नी बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते, आणि मृत पतीचा आवाज तिला वाट दाखवितो.

वस्तुतः त्या काळी छिंगलान चीनमध्येच होत्या. सासरच्या माणसांना भेटावयास त्या पुष्कळ वर्षांनी आल्या. तरीही बोलपटाने केले ते असत्य नव्हे. ज्या मृत्यूला निरोप लाभला नाही, त्याला त्याने निरोप मिळवून दिला. सत्य सांगणारे पुस्तक आणि सांत्वन करणारे चित्र, शोकग्रस्तांना दोहोंचीही गरज असते.