पाटण्याचा मठ आणि बाजाराची पळी

चाळीसगावच्या नैऋत्येला सुमारे 18 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत पाटणे आहे. आज तिथे जाणारे बहुतेक चंडिकादेवीच्या दर्शनाला जातात. पाटणे हे भास्कराचार्यांचे गाव, असे खानदेशात आम्ही लहानपणापासून ऐकतो.

पुरावा मात्र थोडा वेगळा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी देवीच्या मंदिरातला शिलालेख 1865 साली अभ्यासकांपुढे आणला. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके 1128 मध्ये, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, त्या मठाला दान दिले. ज्योतिषाच्या शाळेला ग्रहणाच्या दिवशीच दान! भास्कराचार्य स्वतः आपले गाव विज्जलविड सांगतात. ते हेच, असे शिलालेख म्हणत नाही. तेव्हा जन्मस्थानाचा वाद मला इथे सुटलेला वाटत नाही, आणि तो सुटायलाच हवा असेही नाही.

मला खरे महत्त्व वाटते ते लेखाच्या शेवटाला. वर सगळे संस्कृत, वंशावळ आणि स्तुती. अखेरीस मात्र भाषा एकदम मराठी होते. कारण इथून पुढे पैशाचा व्यवहार आहे. बाजारात जो माल विकला जाईल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला. नगराकडूनही ग्राहकामागे दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा. आणि प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल. म्हणजे ग्रहगणित शिकणाऱ्यांच्या दिव्यात तेली घाण्याचे तेल जळत असणार. हा मजकूर ज्यांच्याकडून वसूल करायचा, त्यांना तो कळायला हवा होता. खानदेशातल्या मराठीचा इतका जुना आणि इतका रोखठोक नमुना हाताशी असताना आपण जन्मस्थानावरच भांडतो, याची खंत वाटते.

गाव अर्थात मठाहून जुने. महादेव मंदिराच्या लेखात शके 1075 आहे. इंद्रराजाने सुरू केलेले ते बांधकाम त्याच्या मागे पूर्ण झाले. जवळच्या पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीची. आणि शां. अ. साळी यांच्या उत्खननात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, कोरीव रेषांचे तुकडे आणि मणी मिळाले. ते सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे मानतात. शहामृग खानदेशात होते, हे गावातल्या पोरांना सांगितले की ती आधी हसतात, मग कुठे सापडले ते दाखवा म्हणून मागे लागतात.