आगरी शेतकऱ्याचे जुने घर

गढ्या आणि वाडे यांचे वर्णन इतिहासात आढळते. खाडीच्या भरतीस बांध घालून ज्यांनी खाजणात भात पिकविले, त्यांच्या घराकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. बेलापूर, पनवेल व उरण या भागांत आपल्या ज्ञातीची जी जुनी घरे उरली आहेत, त्यांची बांधणी म्हणूनच लक्षपूर्वक पाहावयास हवी.

या घराचे जोते दगडमातीचे व उंच. खांब लाकडी, भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या, ऐपत असल्यास विटांच्या. छप्पर पेंढ्याचे किंवा नळीच्या कौलांचे असे व त्याची शाकारणी दरसाल करावी लागे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळुरी कौले कोकणात सर्वत्र पसरली आणि हे श्रम पुष्कळ कमी झाले.

पुढे ओटी, आत माजघर, त्यामागे चुलीची खोली, बाजूस उतरत्या छपराची पडवी. पडवीत नांगर, जाळी व गुरे. माजघरात भाताची कणगी. बियाणे माळ्यावर, कारण चुलीच्या धुराने त्यास कीड लागत नसे. अंगण सारवले की तेच खळे होई. तात्पर्य, हे घर म्हणजे शेताचाच अखेरचा भाग होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात उरण तालुक्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. घरे गावठाणात राहिली; शेत गेले. कणगी रिकामी झाली, पडवीचे प्रयोजन सरले. कुटुंबे वाढली, गावठाणाची सीमा मात्र त्या मानाने वाढली नाही. गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न त्यातूनच उद्भवला.

अशा स्थितीत जुने घर पाडून इमारत उभारणाऱ्यास दोष देणे न्याय्य नव्हे. तथापि ज्ञातिबांधवांस एक नम्र विनंती आहे. घर उतरविण्यापूर्वी त्याची मापे घ्यावी, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावी आणि प्रत्येक भागाचे नाव व उपयोग घरातील वृद्ध स्त्रियांकडून लिहून घ्यावा. जमिनीचा निदान सात-बारा असतो. या घरांतील जीवनक्रमाचा दाखला आपण लिहिला नाही, तर पुढील पिढीस तो अन्यत्र मिळणे कठीण आहे.