जुन्या गोव्यातील कृपामातेचा मठ

रेणापूर आणि त्याच्या आसपासच्या गावांत पडक्या भिंतीकडे कोणी सहज नजर टाकून पुढे जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्याला भिंतींचे भय शिकवले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे काही क्षणांत झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. तेव्हापासून कोसळलेली इमारत दिसली, की आमच्याकडचा माणूस प्रथम विचारतो, ‘ही कशाने पडली?’ जुन्या गोव्यातील पवित्र टेकडीवर, म्हणजे मोन्ते सांतोवर, आकाशात घुसलेला जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा पाहतानाही हाच प्रश्न मनात उभा राहतो. उत्तर मात्र अनपेक्षित आहे. हा मठ भूकंपाने पडला नाही, शत्रूच्या तोफांनीही नाही. त्यात राहणारी माणसे काढली गेली आणि मग तो पडला.

संत अगुस्तीनच्या नियमानुसार जीवन जगणारे संन्यासी १५७२ साली गोव्यात आले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय आणि डोमिनिकन धर्मगुरू त्यांच्या आधीच येथे स्थिरावले होते. अगुस्तीनियनांनी टेकडीची जागा निवडली व मठाला कृपामातेचे, पोर्तुगीज भाषेत ‘नोसा सेन्योरा दा ग्रासा’चे, नाव दिले. आज ज्याचे अवशेष दिसतात त्या भव्य चर्चचे बांधकाम १५९७ मध्ये सुरू होऊन १६०२ मध्ये पूर्ण झाले. याच मठातून संन्यासी इराणात गेले, बंगालात हुगळीच्या काठी बांदेलला पोहोचले. टेकडीवरच्या या वास्तूत अर्ध्या आशियाच्या वाटा येऊन मिळत होत्या.

वास्तूची भव्यता आजही पायाच्या रेषांवरून कळते. मधोमध लांबरुंद सभागृह, त्याच्या दोन्ही अंगांना मिळून आठ उपमंदिरे, चार वेद्या, आणि चर्चला लागून असंख्य खोल्यांचा मठ. छप्पर लाकडी नव्हते. जांभ्या दगडाची प्रचंड कमानदार घुमटी भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेली होती. दर्शनी भागाच्या बाजूंना उंच मनोरे होते. त्यांपैकी उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच, पाच मजल्यांचा होता. उपमंदिरांच्या भिंतींवर रंगीत नक्षीच्या चकाकत्या फरशा बसवल्या होत्या. त्यांचे काही तुकडे अजून जागच्या जागी आहेत. जमिनीवर कोरीव अक्षरांच्या कबरीच्या शिळा आहेत. आकाशाखाली उघड्या पडलेल्या त्या शिळांवरून चालताना पाऊल आपोआप हळू पडते.

या वैभवाचा इतिहास सांगताना दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. १५९५ साली गोव्याचे आर्चबिशप म्हणून आलेले दों आलेश द मेनेझिस हे अगुस्तीनियन संन्यासीच होते. त्यांनी १६०६ मध्ये संत मोनिकेचा धर्मभगिनींचा मठ स्थापला, हे त्यांचे मोठे कार्य. पण १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर येथील धर्मसभेत त्यांनीच संत थॉमसच्या परंपरेतील ख्रिस्ती लोकांची प्राचीन सुरियानी पुस्तके दोषी ठरवली व अनेक पुस्तके जाळली गेली. दगडावर दगड रचणाऱ्या हातांकडून असेही घडले. आपल्या पूर्वसूरींचा आदर करताना हे सत्य आपण डोळ्यांसमोर ठेवले पाहिजे.

त्याच संघाच्या दुसऱ्या एका कथेत मात्र मोठे औदार्य आहे. जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणचा शाह अब्बास याने दहा वर्षे शिराजमध्ये बंदिवासात ठेवले. ख्रिस्तावरील श्रद्धा सोडण्यास तिने नकार दिला, तेव्हा १६२४ साली हालहाल करून तिला ठार मारण्यात आले. ती ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची होती. शिराजमध्ये असलेले अगुस्तीनियन कॅथलिक होते. तरीही त्यांनी तिचे अवशेष जिवाच्या मोलाने जपले, काही अवशेष तिच्या मायदेशी पोहोचवले आणि काही गोव्याला आणून या मठाच्या सभामंडपातील एका खिडकीशी दगडी पेटीत ठेवले. ज्या काळात ख्रिस्तसभा एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या होत्या, त्या काळात काही संन्याशांनी रक्तसाक्षीचा पंथ विचारला नाही.

मठाचा अंत लिस्बनमध्ये ठरला. १८३४ साली पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त केले व त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. १८३५ मध्ये गोव्यात त्या हुकुमाची अंमलबजावणी झाली. त्यानंतर केवळ सात वर्षांत, १८४२ मध्ये, घुमटी कोसळली आणि कृपामातेची मूर्ती ढिगाऱ्याखाली गाडली गेली. मठाची मोठी घंटा आदल्याच वर्षी आग्वाद किल्ल्यावर हलवली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चमध्ये आली आणि तेथे आजही आहे. १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला.

इतक्या लवकर हे कसे घडले? कोकणपट्टीतील जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो. पण तो सच्छिद्र आहे. त्याच्या अंगावर चुन्याचा गिलावा हवाच, आणि तो वरचेवर नवा करावा लागतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या लातूरकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका. गिलाव्याला तडा गेला, की पाणी आत शिरते, वडापिंपळाचे रोप मूळ धरते, आणि पुढच्या पावसाळ्यात ते मूळ पहारीचे काम करते. मठात संन्यासी असते, तर कोणीतरी शिडी लावून ते रोप उपटले असते, एक घमेले चुना कालवला असता. एवढ्याशा कामाअभावी घुमटी गेली.

हे अनुमान नव्हे, याचा पुरावा काही पावलांवर उभा आहे. संत मोनिकेचा मठ याच टेकडीवर, त्याच जांभ्या दगडाचा, त्याच संत अगुस्तीनच्या नियमाचा. १६३६ मध्ये तो आगीत भस्म झाला आणि लगेच पुन्हा बांधला गेला. धर्मसंघ बरखास्त झाल्यावर धर्मभगिनींना नवी उमेदवार घेण्यास मनाई झाली, पण असलेल्या भगिनींना राहू दिले. एकेक करून त्या देवाघरी गेल्या. शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली. पुढे तेथे सैनिक राहिले. १९६४ पासून धर्मभगिनींच्या शिक्षणाची मातेर देई संस्था तेथे आली आणि नंतर ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही. मालक बदलले, कामे बदलली. पण माणसे राहत गेली आणि भिंती टिकल्या.

पडलेल्या मठानेही शेवटी आपली ठेव परत दिली. १९८६ मध्ये गोव्याची चर्च व मठ जागतिक वारसा ठरले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसले. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतील वर्णनाचा माग काढत २००४ च्या सुमारास संशोधकांना सभामंडपाच्या जागी हाडाचे अवशेष मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झालेल्या आनुवंशिक तपासणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते हाड भारतीय वंशाच्या व्यक्तीचे नसून जॉर्जियाशी नाते सांगणारे आहे, असे दिसून आले. २०१७ मध्ये हे अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला नेण्यात आले आणि जुलै २०२१ मध्ये भारताने त्यांतील एक भाग त्या देशाला कायमचा भेट दिला. जवळजवळ चार शतकांनी राणी घरी गेली.

आमच्या मराठवाड्यात असे मठ नाहीत. येथील प्रार्थनामंदिरे साधी, अनेक ठिकाणी पत्र्याच्या छपराची. जुन्या गोव्याहून परतल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पाच मजली मनोरा उभा करायला राजाची तिजोरी लागली. तो राखायला मात्र पावसाळ्याआधी शिडी चढणारा एक माणूस पुरला असता. आपल्या धर्मग्रामात तो माणूस कोण, हे मृगाचा पाऊस येण्याआधी एकदा विचारून घ्यावे.